हृदयाभोवती पाणी पुन्हा पुन्हा भरतंय – टीबी, की आणखी काही?

मीनल_तासगाव · सोमवार, रात्री ९:४०
नमस्कार. काकांबद्दल विचारायचं आहे. वय ५४, द्राक्षबाग आहे, विडी-तंबाखूचं व्यसन नाही. दिवाळीनंतर त्यांना धाप लागायला लागली. आडवं झालं की जास्त. पाय सुजायचे. फवारणीचा त्रास असेल म्हणून सगळ्यांनी अंगावर काढलं. एक्स-रेत हृदय मोठं दिसलं, मग मिरजेला टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर हृदयाभोवती भरपूर पाणी. सुईने काढलं ते पाऊण लिटरच्या आसपास भरलं, रंग लालसर.

पाण्याचा एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) ३८, सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय चाचणी) निगेटिव्ह, सायटोलॉजीत (पाण्यातल्या पेशींच्या तपासणीत) 'रिॲक्टिव्ह मेसोथेलियल पेशी, कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत'. टीबी धरून एकेटी (टीबीची औषधं) आणि स्टिरॉइड सुरू झालं. सुरुवातीला बरंच बरं वाटलं. स्टिरॉइडचा डोस उतरवत आणला तसं पाणी परत भरलं. आता सीटीत पेरिकार्डियम, म्हणजे हृदयाचं आवरण, जाड आणि जागोजागी गाठाळ दिसतंय असं लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, अजून दोन महिने एकेटी चालू ठेवून बघू. चुलतभावाचं म्हणणं, पाण्यात कॅन्सर आला नाही म्हणजे तो विषय संपला. माझं मन मानत नाही. खरंच संपतो का तो विषय?

रानवाटा · रात्री ९:५८
मीनल, वैद्यकातलं मला कळत नाही, पण एक सांगते. आधी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलला लावा आणि सीटीची सीडी वेगळी जपून ठेवा. आमच्याकडे सीडी टीव्हीखालच्या खणात भजनांच्या सीडींमध्ये गेली होती. डॉक्टरांसमोर बसल्यावर 'पांडुरंगाचा गजर' निघाला. डॉक्टर हसले आणि म्हणाले, हेही ऐकू, पण आधी छाती बघू. काकांना लवकर आराम पडो.

डॉ_बालाघाट · रात्री १०:२०
निवृत्त फिजिशियन आहे, मराठवाड्यात बरीच वर्षं काढली. तुमच्या डॉक्टरांनी जे केलं ते चूक नाही, हे आधी सांगतो. आपल्या देशात हृदयाच्या आवरणात एवढं पाणी दिसलं की पहिला संशय टीबीचाच घ्यावा लागतो. टीबीचं पाणीही लालसर असू शकतं. सीबीनॅट निगेटिव्ह म्हणून टीबी नाही असं होत नाही, कारण या पाण्यात जंतू फार थोडे असतात. ४० च्या वर एडीए टीबीकडे बोट दाखवतो, ३८ हा काठावरचा. अशा वेळी एकेटी सुरू न करता थांबलं आणि तो टीबीच निघाला, तर आवरण आकसून हृदयाला आवळतं आणि मग छाती उघडून ते काढण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. धीर धरा.

सूक्ष्मदर्शक · रात्री ११:०५
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. डॉक्टरांशी सुरुवातीच्या निर्णयाबद्दल पूर्ण सहमत. पण मीनलताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. विषय संपत नाही.

हृदयाला दुपदरी आवरण असतं, ते पेरिकार्डियम. दोन पदरांच्या मध्ये निरोगी माणसातही १५ ते ५० मिली पाणी असतं. पदरांच्या आतल्या बाजूला मेसोथेलियल पेशींचा एक थर असतो. क्वचित त्या थरालाच कॅन्सर होतो, तो पेरिकार्डियमचा मेसोथेलिओमा. फार दुर्मीळ. शवविच्छेदनांच्या मोठ्या नोंदींत त्याचं प्रमाण ०.००२२ टक्के इतकंच दिलेलं आहे, आणि शरीरातल्या सगळ्या मेसोथेलिओमांत याचा वाटा जेमतेम शंभरात एक. बहुतेक मेसोथेलिओमा फुप्फुसाच्या आवरणाचे असतात.

अडचण अशी की हा कॅन्सर पाण्यात पेशी सोडतो त्या नेहमीच्या, सुजेमुळे चिडलेल्या पेशींसारख्याच दिसतात. सुजेतही मेसोथेलियल पेशी वाढतात, फुगतात, झुबके करतात. त्यामुळे 'रिॲक्टिव्ह मेसोथेलियल पेशी' हा शेरा खरा असतो आणि अपुराही असतो. या आजाराच्या बहुतेक रुग्णांत नुसत्या पाण्यावरून निदान होत नाही. पेशी आतल्या चरबीत घुसल्यात का हे बघायला आवरणाचा तुकडाच हवा. गाठाळ आवरण आणि एकेटी चालू असताना परत भरलेलं पाणी, एवढं असताना मी तरी दोन महिने थांबायला सांगणार नाही. बायोप्सीबद्दल विचारा.

शिवार_७७ · मंगळवार, सकाळी ७:१५
दुर्मीळ दुर्मीळ म्हणता आणि बायोप्सीपण करायला सांगता. ०.००२२ टक्क्यांसाठी माणसाच्या छातीला चाकू लावायचा? घाबरलेल्या घराला आणखी घाबरवू नये असं मला वाटतं.

सूक्ष्मदर्शक · सकाळी ७:५०
शिवारदादा, ती टक्केवारी सगळ्या शवविच्छेदनांमधली आहे. ज्याच्या आवरणात पाणी आहे, आवरण गाठाळ आहे आणि उपचारांना दाद देत नाही, त्याला ती लावता येत नाही. शिवाय बायोप्सी फक्त मेसोथेलिओमासाठी नाही. त्याच तुकड्यात टीबीचे ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे पुंजके) दिसू शकतात, लिम्फोमा (लसीका पेशींचा कॅन्सर) दिसू शकतो, दुसरीकडून पसरलेला कॅन्सर दिसू शकतो. पेरिकार्डियममध्ये बाहेरून आलेला कॅन्सर तिथेच उगवलेल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळतो: फुप्फुस, स्तन, लिम्फोमा, ल्युकेमिया, मेलॅनोमा. टीबी निघाला तर तुकड्याची कल्चर लावून औषधाला दाद न देणारा टीबी आहे का तेही कळेल. काहीही निघालं तरी उपचार नेमका होईल.

इको_वाला · सकाळी ९:३०
कॅथलॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. कोणती तपासणी काय सांगते याचा फार गोंधळ होतो, म्हणून लिहितो.

टू-डी इको पाणी पटकन आणि नेमकं दाखवतो, हृदय दबतंय का तेही. याचा पाया १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात इंगे एडलर आणि हेलमुट हर्ट्झ यांनी घातला. त्याआधी आवरणातलं पाणी ओळखायला डॉक्टरांकडे ठोकून बघणं, कान लावणं आणि एक्स-रे एवढंच होतं, आणि १८४० मध्ये व्हिएन्नात फ्रांझ शूने पाणी काढलं ते सगळं अंदाजाने. आज आम्ही सुई पडद्यावर बघत आत नेतो तेव्हा या लोकांची आठवण होते.

पण आवरणाची जाडी आणि गाठी इकोत नीट दिसत नाहीत. त्यासाठी सीटी. सीटीत छातीतल्या लसीका गाठी आणि फुप्फुसंही दिसतात. एमआरआयमध्ये गाठ हृदयाच्या स्नायूत शिरली का ते जास्त चांगलं कळतं. पेट स्कॅनबद्दल मात्र गैरसमज आहे. टीबीही चकाकतो, कॅन्सरही चकाकतो. पेटवरून 'हा कॅन्सरच' असं ठरवू नका. त्याचा उपयोग तुकडा कुठून घ्यायचा आणि शरीरात दुसरीकडे मूळ आहे का हे बघायला.

डॉ_बालाघाट · सकाळी ११:१०
सूक्ष्मदर्शक मॅडमचा मुद्दा बरोबर आहे. काल सीटीतल्या 'गाठाळ' शब्दाला मी पुरेसं वजन दिलं नव्हतं. स्टिरॉइडबद्दल एक भर घालतो. आवरणाच्या टीबीत स्टिरॉइड द्यावं का यावर आफ्रिकेत १,४०० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू, पाण्याने हृदय दबणं आणि आवरण आकसणं हे तिन्ही एकत्र धरले तर फायदा दिसला नाही, पण आवरण आकसण्याचं प्रमाण कमी झालं. म्हणून आपण देतो. मात्र स्टिरॉइडने लिम्फोमाही तात्पुरता विरघळतो, आणि मग बायोप्सीत काही हाती लागत नाही. 'स्टिरॉइडने बरं वाटलं म्हणजे टीबीच' हा निष्कर्ष काढू नये. बायोप्सीला जाताना स्टिरॉइड किती दिवस, कोणत्या डोसात घेतलं ते सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट दोघांनाही लिहून द्या. स्वतःहून एकदम बंद मात्र करू नका.

औंधकर_काकू · दुपारी १:०५
माझ्या आईच्या हृदयाभोवती पाणी होतं तेव्हा आम्हीही हबकलो होतो. ते निघालं थायरॉइडमुळे. टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) प्रचंड वाढलेला. गोळी सुरू केली आणि हळूहळू पाणी ओसरलं. मीनल, थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्या झाल्यात ना?

मीनल_तासगाव · दुपारी २:३०
काकू, दोन्ही झाल्यात, नॉर्मल आहेत. सगळ्यांचे आभार. बायोप्सी म्हणजे नेमकं काय करतात? काकी फार घाबरली आहे. तिला वाटतंय छाती उघडणार.

इको_वाला · दुपारी ३:१५
ताई, छातीचं हाड कापत नाहीत. बहुधा 'पेरिकार्डियल विंडो' करतात. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी छोटा छेद देऊन तिथून आवरणाचा तुकडा घेतात, पाणी काढतात आणि काही दिवस नळी ठेवतात. दुसरा मार्ग बाजूने दुर्बिणीचा, त्यात फुप्फुसाकडची बाजूही बघता येते आणि गाठ दिसते तिथूनच तुकडा घेता येतो. कोणता मार्ग हे गाठी कुठे आहेत त्यावर ठरतं. पाणी पुन्हा साचू नये यासाठीही याच शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. म्हणजे निदानही आणि आरामही.

हे करायला कार्डिओथोरॅसिक सर्जन हवा. आणि धोका नाही असं मी म्हणणार नाही. भूल देताना दबलेलं हृदय हा नाजूक प्रकार असतो.

एक तातडीचं: काकांना अचानक धाप वाढली, चक्कर आली, हातपाय गार पडले, मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्या. पाणी हृदयाला दाबत असेल तर वेळ मिनिटांत मोजावा लागतो.

निसर्गोपासक · संध्याकाळी ५:००
पुनर्नवा, वरुण आणि गोखरूचा काढा सकाळ-संध्याकाळ द्या. शरीरातलं पाणी आपोआप उतरतं. कशाला कापाकापी. माझ्याकडे तयार मिळेल, व्यनि करा.

रानवाटा · संध्याकाळी ५:१२
दादा, कृपा करून इथे विक्री नको. एकेटी चालू आहे, लिव्हरवर आधीच ताण असतो. त्यात अशी भर डॉक्टरांना न विचारता कुणीही घालू नये.

माझगावकर · संध्याकाळी ६:४०
मेसोथेलिओमा म्हटल्यावर राहवलं नाही. वडील गोदीत जहाजदुरुस्तीच्या कामावर होते. पाइपांवरचं ॲस्बेस्टॉसचं अस्तर हाताने खरवडायचे, कपड्यांवर पांढरी धूळ घेऊन घरी यायचे आणि आई ते कपडे झटकून धुवायची. निवृत्तीनंतर पुष्कळ वर्षांनी त्यांना फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा झाला. कुठल्याच डॉक्टरने 'तुम्ही आयुष्यभर काय काम केलं' हे विचारलं नव्हतं. शेवटी एका निवासी डॉक्टरने विचारलं, आणि तपासाची दिशा बदलली.

१९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातले ३३ रुग्ण मांडले, तेव्हापासून हा संबंध जगाला माहीत आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांपैकी जे उशिरा येईल तोवर ठेवायला सांगितलं. दारुखान्यात जहाजं तोडणाऱ्या कंत्राटी माणसाची नोंद कोण ठेवतं? याचा मला अजून राग येतो. मीनल, काकांनी तरुणपणी कुठे कारखान्यात, पत्र्यांच्या किंवा ब्रेक-लायनरच्या कामावर दिवस काढलेत का, ते जरूर विचारा.

सूक्ष्मदर्शक · रात्री ८:२०
माझगावकर, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. कामाचा इतिहास विचारलाच पाहिजे. फक्त मीनलताईंसाठी नोंद: फुप्फुसाच्या आवरणात ॲस्बेस्टॉसचा संबंध पक्का आहे, हृदयाच्या आवरणात तो तितका ठाम नाही. अनेक रुग्णांत ॲस्बेस्टॉसचा मागमूसही नसतो. छातीला पूर्वी रेडिएशन दिलेल्या काहींत हा आजार आढळला आहे. म्हणून 'काका शेतकरी आहेत, त्यांना कुठला ॲस्बेस्टॉस' एवढ्यावरून शंका सोडू नका.

लेस्टरची_नर्स · बुधवार, पहाटे २:१०
इथे ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर १९९९ मध्ये बंदी आली, तरी जुन्या इमारती आणि जुनी कामं यांचे रुग्ण अजून येतात. एक पद्धत मला फार आवडते. मेसोथेलिओमाची शंका असली की छातीचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, सर्जन आणि ऑन्कोलॉजिस्ट एकत्र बसून एकेक केस बघतात. आपल्याकडे मोठ्या केंद्रांत हे होतं. लहान शहरात ते नातेवाइकालाच जुळवावं लागतं. तुमच्या कार्डिओलॉजिस्टना नम्रपणे विचारा, 'सर, सर्जन आणि पॅथॉलॉजिस्टशी आपण एकदा बोलाल का?' हा प्रश्न विचारल्याबद्दल चांगला डॉक्टर रागावत नाही.

मीनल_तासगाव · तीन आठवड्यांनंतर
उशिरा लिहितेय, माफ करा. डॉक्टरांपुढे फाईल ठेवली, ते शांतपणे ऐकून स्वतःच सर्जनशी बोलले. विंडो झाली. काका आता उशीशिवाय झोपू शकतात, आमच्यासाठी हेच खूप मोठं आहे.

रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा नाही, टीबीचे जंतू नाहीत. 'ॲटिपिकल मेसोथेलियल प्रोलिफरेशन, आयएचसी सुचवले आहे' असं लिहिलंय. याचा अर्थ कॅन्सर आहे की नाही? आयएचसीसाठी पुन्हा तुकडा घेणार का?

सूक्ष्मदर्शक · त्याच रात्री
पुन्हा तुकडा लागत नाही. मेणाच्या ब्लॉकमध्ये तो जपलेला असतो, त्यातूनच आणखी पातळ काप काढतात. ब्लॉक आणि स्लाइड मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. अर्ज देऊन घ्या आणि उन्हात, गरम गाडीत ठेवू नका.

आयएचसी म्हणजे पेशीतली ठरावीक प्रथिनं खास रंगांनी शोधणं. त्यात दोन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांची गल्लत होते. पहिला, पेशी कुठल्या घराण्याची. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, डी२-४०, सीके ५/६ हे रंग पकडले तर पेशी मेसोथेलियल. टीटीएफ-१, सीईए, क्लॉडिन-४ असे पकडले तर फुप्फुस वगैरेंचा कार्सिनोमा आठवायचा. पण पेशी मेसोथेलियल आहे म्हणजे कॅन्सर आहे असं नाही, सुजेतल्या पेशीही हेच रंग पकडतात. दुसरा प्रश्न तिथे सुरू होतो: ती बिघडलेली आहे का? त्यासाठी बॅप-१ आणि एमटॅप ही प्रथिनं पेशीतून नाहीशी झालीत का बघतात, गरज पडली तर फिश (जनुकं चमकत्या रंगाने दाखवणाऱ्या) तपासणीत पी-१६ चं जनुक गळालंय का ते. नाहीशी झाली असतील तर सूज नव्हे, मेसोथेलिओमा. शाबूत असतील तरी नकार मिळत नाही, मग चरबीत घुसखोरी दिसते का यावर ठरतं.

अँजिओसार्कोमा आणि सायनोव्हियल सार्कोमा हे दुसरे दुर्मीळ कॅन्सरही या भागात लालसर पाणी करतात, त्यांचे मार्कर वेगळे. म्हणून हा तुकडा असे ट्यूमर रोज बघणाऱ्या जागी जायला हवा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड-ब्लॉकचा रिव्ह्यू होतो. पेशंटला नेणं आवश्यक आहे का, ते आधी फोनवर विचारा. सोबत सीटी, शस्त्रक्रियेच्या नोंदी आणि एकेटी-स्टिरॉइडचा तपशील एका कागदावर लिहून द्या. अशा एका कागदाने आमचं काम किती सोपं होतं ते तुम्हाला सांगू शकत नाही.

शिवार_७७ · दुसऱ्या दिवशी
मीनल, माझा एक मित्र परळला असतो. मुक्कामाची अडचण आली तर हक्काने सांग. आणि विंडो केलीत हे बरंच केलंत.

मीनल_तासगाव · पुढच्या महिन्यात
रिपोर्ट आला. एपिथेलिऑइड (मेसोथेलिओमाचा एक प्रकार) मेसोथेलिओमा, बॅप-१ नाहीसा झालेला. पेट स्कॅनमध्ये फुप्फुसाचं आवरण आणि पोट स्वच्छ आहे, म्हणजे उगम पेरिकार्डियममध्येच. एकेटी बंद केलं. काकांना सगळं खरं सांगितलं, त्यांनीच विचारलं होतं. म्हणाले, 'नाव कळलं ना, आता कशाशी लढायचं ते तरी कळेल.' पुढे काय होतं या आजारात?

डॉ_बालाघाट · त्याच दिवशी
आजार कठीण आहे, बहुतेक नोंदींत आयुष्य महिन्यांत मोजलेलं आहे. हे लपवून तुमचा उपयोग होणार नाही. गाठ एका जागी मर्यादित असेल तर आवरण काढण्याचा विचार सर्जन करतात. नाहीतर पेमेट्रेक्सेड आणि प्लॅटिनम गटातलं औषध. ते २००४ पासून फुप्फुसाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमात मान्य आहे आणि तोच अनुभव इथे वापरतात. त्याच्याबरोबर फोलिक ॲसिड आणि बी-१२ चुकवायचं नाही. २०२० पासून त्याच आजारात दोन इम्युनोथेरपी औषधांची जोडीही दिली जाते, खर्च फार आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना आजच भेटा, शेवटासाठी राखून ठेवू नका. धाप आणि वेदना यांवर त्यांच्याकडे खूप काही असतं.

कावेरी_इंदूर · दोन दिवसांनी
धागा सगळा वाचला. माझ्या बहिणीचा सहा वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर बरा झाला होता, रेडिएशन डाव्या बाजूला. आता हृदयाभोवती पाणी आलंय. आम्हीही सरळ विंडोच मागायची का?

सूक्ष्मदर्शक · त्याच संध्याकाळी
कावेरीताई, तुमच्या बहिणीची वाट थोडी वेगळी. स्तनाचा कॅन्सर पसरला असेल तर त्याच्या पेशी पाण्यात बऱ्याचदा सापडतात, म्हणून आधी सायटोलॉजी, आणि पाणी भरपूर पाठवायला सांगा म्हणजे सेलब्लॉक (पाण्यातल्या पेशी गोळा करून केलेला मेणाचा ब्लॉक) करून त्यावर आयएचसी होईल. काही कळलं नाही तर किंवा परत भरलं तर बायोप्सी. रेडिएशनने कॅन्सरशिवायही पाणी होतं, हेही लक्षात असू द्या. सहा वर्षांपूर्वीचा ब्लॉक ज्या लॅबमध्ये असेल तिथे उद्याच फोन करा. जुन्या आणि नव्या पेशी शेजारी ठेवून बघता आल्या तर निदान लवकर होतं, आणि जुने ब्लॉक सगळ्या लॅब कायम ठेवत नाहीत.